पत्त्यात उरलेले पुतळे

घडवलेल्या आकृतीसाठी मराठीत मूर्ती, पुतळा आणि शिल्प असे तीन शब्द रूढ आहेत आणि जाणकार ते एकमेकांच्या जागी सहसा वापरत नाहीत. मूर्तीची प्रतिष्ठापना होते, तिची पूजा होते आणि तिला बहुधा छप्पर असते. पुतळ्याचे अनावरण होते, जयंतीला आणि पुण्यतिथीला त्याला हार घातला जातो आणि एरवी तो ऊन-पावसात उघड्यावर उभा असतो. शिल्प हा या दोहोंहून व्यापक शब्द असून लांबी, रुंदी आणि खोली या तिन्ही अंगांनी साकारलेल्या कोणत्याही कलाकृतीला तो लावला जातो. यांपैकी पुतळा या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. निषेधाच्या मोर्चात गवत, कापड आणि कागद यांचा जो आकार रस्त्यावर जाळला जातो, तोही पुतळाच. ज्याचा गौरव करायचा आणि ज्याचा धिक्कार करायचा त्या दोघांसाठी भाषेने एकच शब्द राखून ठेवला आहे. नागपूर शहरातील सार्वजनिक कला समजून घेताना हा दुहेरी अर्थ विशेष उपयोगी पडतो, कारण टिकण्यासाठी उभारलेले पुतळे आणि नष्ट होण्यासाठीच घडवलेले पुतळे अशा दोन्ही परंपरा या शहराने शतकाहून अधिक काळ जोपासल्या आहेत.

सार्वजनिक कला म्हणजे रस्ता, चौक, उद्यान, स्थानक अशा सर्वांसाठी मोकळ्या असलेल्या जागी मांडलेली कलाकृती. कलादालनात प्रेक्षक ठरवून जातो; चौकातील कलाकृती मात्र त्याच्या वाटेत येते, तिची निवड त्याने केलेली नसते, आणि म्हणून ती कोणी, कोणाच्या पैशाने, कोठे आणि कशासाठी उभी केली हे प्रश्न तिच्या देखणेपणाइतकेच महत्त्वाचे ठरतात. चंडीगडमध्ये ल कार्बुझिए यांच्या संकल्पनेनुसार उभारलेला, वाऱ्याच्या दिशेने फिरणारा २६ मीटर उंचीचा 'खुला हात' किंवा शिकागोतील चौकात १९६७ साली उभे राहिलेले पिकासोचे पोलादी शिल्प अशी अमूर्त, म्हणजे कोणाही व्यक्तीचे थेट रूप न दाखवणारी, सार्वजनिक शिल्पे जगात पुष्कळ आहेत. मराठी शहरांत मात्र व्यक्तिपुतळ्यांचे प्राबल्य आहे, आणि नागपूरही त्याला अपवाद नाही. तरीही धरमपेठेतून निघून सीताबर्डी, संविधान चौक, महाल आणि इतवारी असा फेरफटका केला, तर एकाच शहरात सार्वजनिक शिल्पाचे किती वेगवेगळे प्रकार नांदतात हे स्पष्ट होते.

धरमपेठेचे चौक

धरमपेठ ही पश्चिम नागपुरातील वस्ती पूर्वेच्या सीताबर्डीला आणि पश्चिमेच्या अंबाझरी तलावाला जोडणाऱ्या पट्ट्यात येते. गोकुळपेठेचा बाजार, शंकरनगर, रामनगर, लहान मुलांना वाहतुकीचे नियम शिकवणारा ट्रॅफिक पार्क आणि महाविद्यालयांची गर्दी अशी या परिसराची ओळख आहे. येथील चौकांची नावे पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते: लक्ष्मीभुवन चौक, कॉफी हाऊस चौक, लॉ कॉलेज चौक, झेंडा चौक ही नावे इमारती, उपाहारगृह, महाविद्यालय आणि ध्वज यांवरून पडलेली आहेत. जुन्या नागपुरात आणि दक्षिणेकडील वस्त्यांत मात्र नेहरू पुतळा, टिळक पुतळा, तुकडोजी पुतळा हे थेट पत्तेच आहेत. रिक्षावाल्याला नुसते 'नेहरू पुतळा' एवढे सांगितले की पुढचे काही सांगावे लागत नाही.

या फरकाच्या मुळाशी दोन्ही भागांतील सार्वजनिक जीवनाचा फरक आहे असे मानण्यास जागा आहे. जुन्या शहरात बाजार, मिरवणूक, सभा आणि वस्ती एकाच ठिकाणी गुंतलेली असल्याने जेथे लोक जमतात तेथे पुतळा उभा राहिला आणि पुतळ्याभोवती पुन्हा लोक जमले. पश्चिमेकडील वस्त्या प्रामुख्याने राहण्यासाठी आणि शिक्षणासाठी वाढल्या, त्यामुळे तेथील चौकांना ओळख दिली ती त्यांच्या कडेच्या वास्तूंनी. सार्वजनिक शिल्प पाहू इच्छिणाऱ्या धरमपेठवासीयाला म्हणूनच थोडे चालावे लागते. मात्र या वस्तीचे स्थान असे आहे की शहरातील अनेक महत्त्वाच्या स्मारकांकडे येथून सहज पोहोचता येते.

मोजमापाचे शिल्प

सीताबर्डीच्या टेकडीपलीकडे, विधानभवनाच्या परिसरात, झिरो माईलचा स्तंभ आहे. वालुकाश्माचा एक खांब आणि उधळलेल्या पवित्र्यातील चार घोडे असे त्याचे आजचे रूप असून घोडे चुनेगच्चीचे, म्हणजे चुन्याच्या गिलाव्यात घडवलेले आहेत. नागपूरची ओळख सांगणाऱ्या चित्रांत, संत्र्याच्या जोडीने, हे घोडे हमखास दिसतात. पण या रचनेचा मूळ हेतू शोभेचा नव्हता.

ब्रिटिश काळातील भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाशी या स्तंभाचे नाते आहे. त्रिकोणमितीय सर्वेक्षण म्हणजे जमिनीवर एक पायारेषा अचूक मोजून घ्यायची, तिच्या दोन टोकांपासून दूरच्या बिंदूचे कोन मोजायचे आणि त्या त्रिकोणाच्या गणितातून उरलेली अंतरे काढत संपूर्ण देश त्रिकोणांच्या जाळ्यात गोवायचा, अशी पद्धत. विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ साली मद्रासजवळ या कामाला आरंभ केला. दोन दशके हे काम उत्तरेकडे सरकवत नेल्यानंतर नागपूरच्या वाटेवर असताना २० जानेवारी १८२३ रोजी, आजच्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे, त्यांचा मृत्यू झाला आणि त्यांची कबर तेथेच आहे. पुढे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी हे काम चालवले. नकाशावरच्या अंतरांबरोबर उंचीही हवी असते. रेल्वे, कालवे आणि रस्ते आखताना एखादे ठिकाण सरासरी समुद्रसपाटीपासून किती उंचावर आहे हे कळणे आवश्यक असते. त्यासाठी जी पक्की खूण रोवली जाते तिला तलचिन्ह किंवा बेंचमार्क म्हणतात. नागपूरचा स्तंभ १९०७ सालचा असून त्यावर समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट, म्हणजे सुमारे ३११ मीटर, अशी नोंदवलेली आहे. फुटाच्या हजाराव्या भागापर्यंत दिलेला हा आकडाच त्या दगडाचे खरे प्रयोजन सांगून जातो.

स्तंभावर काही गावांची अंतरेही मैलांत कोरलेली आहेत: शिवनी ७९, छिंदवाडा ८३, जबलपूर १७०, रायपूर १७४, हैदराबाद ३१८. या यादीत दिल्ली, मुंबई, कलकत्ता नाहीत. जुन्या मध्य प्रांताचे आणि त्याच्या शेजाऱ्यांचे जग तेवढे आहे. अखंड भारताचा नेमका मध्य येथेच आहे आणि देशातील सगळी अंतरे येथूनच मोजली जातात, ही शहरात फार प्रिय असलेली समजूत आहे. परंतु दगडावरचा मजकूर एवढा मोठा दावा करत नाही, तो एक उंची आणि काही अंतरे तेवढी नोंदवतो. शिल्पाच्या दृष्टीने पाहता नागपूरकरांनी एका शासकीय मोजमापाच्या खुणेला घोड्यांसह आपले बोधचिन्ह करून टाकले, ही गोष्ट त्या समजुतीपेक्षा अधिक रंजक आहे. कोणत्याही व्यक्तीचे रूप नसलेली ही रचना शहराने जेवढी आपली मानली तेवढी क्वचितच एखादी अमूर्त कलाकृती महाराष्ट्रात आपली मानली गेली असेल. २०२१ साली सुरू झालेल्या शेजारच्या मेट्रो स्थानकाच्या नावातही झिरो माईल आहेच.

नाव उरते, पुतळा हलतो

सीताबर्डीत राणी लक्ष्मीबाईंच्या पुतळ्याने झाशी राणी चौकाला नाव दिले आणि पुढे ते मेट्रोच्या स्थानकालाही मिळाले. जवळच्या व्हरायटी चौकात महात्मा गांधींचा पुतळा असून शहरातील धरणे, मूक निदर्शने आणि मेणबत्त्या घेऊन जमणारे नागरिक यांची ती ठरलेली जागा आहे. चौकाचे नाव मात्र व्हरायटी या चित्रपटगृहाचेच राहिले. महालात गांधी गेटजवळ छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा आहे आणि शिवजयंतीला तेथे मोठी गर्दी लोटते. म्हणजे पुतळा आणि चौकाचे नाव यांची सांगड नेहमी बसतेच असे नाही, लोकांच्या तोंडी जे रुळते ते टिकते.

या रुळण्याचे सर्वांत बोलके उदाहरण मुंबईत आहे. राजपुत्र असतानाच्या सातव्या एडवर्डचा, जोसेफ बोहेम यांनी घडवलेला अश्वारूढ पुतळा १८७९ पासून फोर्ट भागात होता. लोकांनी स्वाराकडे दुर्लक्ष करून घोड्याचा रंग तेवढा लक्षात ठेवला आणि परिसराला काळा घोडा म्हटले. १९६५ साली तो पुतळा तेथून काढून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेण्यात आला. पुतळा गेला तरी नाव राहिले, आणि अखेर २०१७ साली नावाला शोभावा म्हणून स्वार नसलेला नवा काळा घोडा तेथे बसवण्यात आला. पुतळ्याने जागेला नाव देणे नेहमीचे असते. येथे जागेच्या नावाने पुतळा पुन्हा घडवून घेतला.

माणसे जमतात ती जागा

पुतळ्याचे मोल केवळ त्याच्या घडणीवरून ठरवता येत नाही, याचा पुरावा संविधान चौकात मिळतो. पूर्वी रिझर्व्ह बँक चौक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या चौकात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा पुतळा आहे. आंबेडकर जयंती आणि २६ नोव्हेंबरचा संविधान दिन या दिवशी तर येथे लोक येतातच, पण वर्षभर निरनिराळ्या संघटनांची निदर्शने येथेच होतात. मागणी कोणतीही असो, ती राज्यघटनेच्या शिल्पकाराच्या साक्षीने मांडायची, हा संकेत पडून गेला आहे. नगररचनेच्या भाषेत चौक म्हणजे रस्ते जेथे मिळतात ती जागा, परंतु पुतळ्यामुळे त्या जागेला नागरी व्यासपीठाचे रूप येते.

त्याच परिसरात, झिरो माईलजवळ, गोवारी शहीद स्मारक आहे. अनुसूचित जमातीच्या सवलती मिळाव्यात या मागणीसाठी विधिमंडळाच्या अधिवेशनावर आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात २३ नोव्हेंबर १९९४ रोजी चेंगराचेंगरी झाली आणि ११४ जणांचा मृत्यू झाला. दरवर्षी २३ नोव्हेंबरला समाजबांधव तेथे येऊन आदरांजली वाहतात. थोर पुरुषाचा पुतळा एका व्यक्तीचे कर्तृत्व पुढे ठेवतो. हे स्मारक ज्यांची नावे इतिहासाच्या पुस्तकांत येत नाहीत अशा माणसांची एकत्र आठवण ठेवते. विधानभवन, मोजमापाचा स्तंभ आणि हे स्मारक एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर असणे हा योगायोग असला, तरी सत्तेचे स्थान आणि त्या दाराशी गेलेले जीव यांची अशी शेजारी नोंद फार थोड्या शहरांत सापडते.

दीक्षाभूमीचा स्तूप हा खरे तर वास्तुकलेचा विषय, पण सार्वजनिक कलेच्या कोणत्याही विवेचनात तो टाळता येत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीला, डॉ. आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. स्तूप म्हणजे मूळचा अवशेषांवर रचलेला भरीव घुमटाकार ढिगारा. सांचीचा स्तूप आतून भरीव आहे. दीक्षाभूमीचा स्तूप मात्र आतून पोकळ आहे, आणि वास्तुविशारद शिवदान मल यांच्या आराखड्याचा विशेष याच बदलात आहे, कारण त्यामुळे प्रदक्षिणेची वास्तू लोकांना सामावून घेणारे सभागृह बनली. १२० फूट उंचीच्या आणि तेवढ्याच व्यासाच्या या वास्तूसाठी संगमरवर, ग्रॅनाइट आणि राजस्थानातील धोलपूरचा वालुकाश्म वापरण्यात आला असून चार दिशांच्या प्रवेशद्वारांपाशी घोडे, सिंह आणि हत्ती यांच्या प्रतिमा आहेत. बांधकाम १९७८ साली सुरू झाले आणि १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते स्तूपाचे उद्घाटन झाले. प्राचीन आकार जसाच्या तसा न उतरवता आजच्या गरजेनुसार त्याचा अर्थ बदलणे, हे या स्मारकाने साधलेले कलात्मक यश आहे.

माती, मेण आणि कांस्य

चौकातील धातूचा पुतळा पाहणाऱ्याला तो भरीव वाटतो, पण प्रत्यक्षात तो आतून पोकळ असतो आणि धातूची जाडी काही मिलिमीटरच असते. पुतळा घडतो तो आधी मातीत. लोखंडी सळ्या, लाकूड आणि जाळी यांचा सांगाडा उभा करून त्यावर शिल्पकार माती चढवतो आणि चेहरा, वस्त्राच्या चुण्या, हातांची ठेवण यांचे सारे काम या अवस्थेत होते. महाराष्ट्रात सार्वजनिक जागी बसवायच्या पुतळ्याच्या मातीच्या प्रतिकृतीला कला संचालनालयाची मान्यता घ्यावी लागते, ती याच टप्प्यावर. त्यानंतर मातीवरून प्लास्टरचा साचा घेतला जातो, साच्याच्या आतून मेणाचा पातळ थर दिला जातो, मेणाच्या आत-बाहेर उष्णता सोसणारे मिश्रण भरले जाते आणि भट्टीत मेण वितळवून काढल्यावर जी पोकळी उरते तिच्यात सुमारे अकराशे अंश सेल्सियस तापलेला रस ओतला जातो. मेण नाहीसे होऊन त्याच्या जागी धातू येतो म्हणून या पद्धतीला मधूच्छिष्ट, म्हणजे मेणाची, ओतकामपद्धती असे जुने नाव आहे. मोठा पुतळा अनेक तुकड्यांत ओततात आणि नंतर जोडतात. वापरला जाणारा धातू बहुधा कांस्य असतो. तांबे आणि कथील यांच्या या मिश्रणात थोडे जस्त घातले की त्याला गनमेटल म्हणतात.

या कलेत महाराष्ट्राची परंपरा मोठी आहे. सासवण्याचे विनायक पांडुरंग करमरकर यांचा पुण्यातील शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा १९२८ सालचा असून एवढा मोठा पुतळा एकसंध ओतला गेला ही त्या काळी नवलाईची गोष्ट होती. बाळाजी वसंत तालीम यांनी घडवलेली साईबाबांची संगमरवरी मूर्ती १९५४ पासून शिर्डीत आहे. गेटवे ऑफ इंडियासमोरचा १९६१ चा शिवाजी महाराजांचा पुतळा सदाशिव साठे यांचा आणि संसद भवनाच्या आवारातील १९६७ चा डॉ. आंबेडकरांचा पुतळा ब्रह्मेश वाघ यांचा आहे. नर्मदेकाठचा १८२ मीटर उंचीचा सरदार पटेलांचा पुतळा घडवणारे राम सुतार धुळे जिल्ह्यातील गोंदूर या खेड्यात १९२५ साली जन्मले. या नावांपैकी दोन-तीनच सामान्य वाचकाला ओळखीची असतात, ही वस्तुस्थिती विचार करायला लावणारी आहे. कादंबरी म्हटली की लेखकाचे आणि गाणे म्हटले की गायकाचे नाव आपोआप आठवते. पुतळा म्हटला की तो कोणाचा एवढेच आठवते, आणि तेथे 'कोणाचा' या प्रश्नाचे उत्तर शिल्पकाराचे नाव हे कधीच नसते.

नागपूरच्या हवामानात ही कला जपणे सोपे नाही. मे महिन्यात येथे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि लगेच पावसाळा येतो. पाच मीटर उंचीच्या कांस्य पुतळ्याच्या तापमानात तीस अंशांचा फरक पडला तर त्याची उंची अडीच ते तीन मिलिमीटरने बदलते. हा बदल वर्षानुवर्षे होत राहिल्याने सांधे, आतील आधार आणि चौथऱ्यातले बोल्ट यांवर ताण येतो. कांस्यावर काळाने येणारा तपकिरी किंवा हिरवट थर हा गंज नव्हे, तो खालच्या धातूला बऱ्याच अंशी संरक्षणच देतो. त्यामुळे जयंतीच्या आधी पुतळ्याला चकाकणारा सोनेरी किंवा काळा तैलरंग फासण्याची हौस कलाकृतीचे नुकसानच करते, कारण रंगाच्या थरांखाली शिल्पकाराने काढलेल्या बारीक रेषा बुजून जातात. चुनेगच्चीच्या कामाला तर भेगा पडण्याचा धोका अधिक असतो आणि तेथे सिमेंटने डागडुजी केली की चुना आणि सिमेंट यांची प्रसरणशीलता वेगवेगळी असल्याने नवे ठिगळ जुन्या भागालाच तडा देते. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी, म्हणजे नऊ महिनेही पूर्ण होण्याआधी, कोसळला. उघड्यावरचे शिल्प ही भावनेइतकीच अभियांत्रिकीचीही बाब आहे, हे त्या घटनेने साऱ्या महाराष्ट्राला दाखवून दिले.

जागेचा प्रश्न

धरमपेठेच्या पश्चिमेला १८७० सालचा अंबाझरी तलाव आहे. तलाव भरला की जादा पाणी ज्या भागावरून वाहून जाते त्याला सांडवा म्हणतात, आणि या सांडव्यासमोर स्वामी विवेकानंदांचे स्मारक उभारण्यात आले. २२ आणि २३ सप्टेंबर २०२३ दरम्यानच्या रात्री नागपुरात अतिवृष्टी झाली, तलाव ओसंडला आणि अंबाझरी परिसरासह पश्चिम नागपुरातील अनेक वस्त्यांत पाणी शिरले. त्यानंतर सांडव्यासमोरच्या या स्मारकाचा पाण्याच्या वाटेला अडथळा होतो का, हा प्रश्न ऐरणीवर आला आणि तो मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. ज्यांचे स्मारक आहे त्यांच्या थोरवीचा येथे संबंध नाही, शिल्पाच्या गुणवत्तेचाही नाही. प्रश्न केवळ जागेचा आहे. चित्र एका भिंतीवरून काढून दुसऱ्या भिंतीवर टांगता येते, पण चौथरा, पाया, रस्ता आणि पाण्याचा निचरा यांच्याशी जखडलेल्या स्मारकाची जागा चुकली तर ती सुधारणे फार महाग पडते.

कायद्यानेही या प्रश्नाची दखल घेतलेली आहे. सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि तत्सम लोकोपयोगी जागांवर पुतळे किंवा बांधकामे उभारण्यास राज्य सरकारांनी यापुढे परवानगी देऊ नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ रोजी दिला. वाहतूक आणि पादचारी यांचा विचार करता हा आदेश योग्यच म्हणावा लागेल. त्याचा एक परिणाम असा की चौकाच्या मध्यावर पुतळा, ही विसाव्या शतकाची घडी मोडून उद्याने, संस्थांची आवारे आणि मेट्रोची स्थानके यांकडे शिल्पकलेला वळावे लागेल. चित्रकलेने ती वाट आधीच धरली आहे. २० ते २२ मार्च २०२३ या काळात जी-२० अंतर्गत सी-२०, म्हणजे नागरी संस्थांच्या गटाच्या, परिषदेची बैठक नागपुरात झाली, तेव्हा शहरातील अनेक भिंती चित्रांनी रंगल्या. भित्तिचित्राला जागा लागत नाही, खर्च कमी येतो आणि ते बदलता येते. मात्र नागपूरच्या उन्हात बाहेरच्या भिंतीवरील रंग लवकर विटतो आणि पाहुण्यांसाठी रंगवलेल्या भिंतींची देखभाल पाहुणे गेल्यावर कोणी करायची, हे आधीच ठरवून ठेवावे लागते.

जाण्यासाठी घडवलेले पुतळे

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, जुन्या नागपुरात मारबतींची मिरवणूक निघते आणि पुतळा या शब्दाचा दुसरा अर्थ रस्त्यावर अवतरतो. बांबू, कागद, कापड आणि रंग यांतून घडवलेल्या मारबती या स्त्रीरूपातील भव्य प्रतिमा असून काळी आणि पिवळी या दोन प्रमुख आहेत. काळ्या मारबतीची परंपरा १८८१ पासूनची आणि पिवळीची १८८५ पासूनची सांगितली जाते. रोगराई, इडापिडा आणि अनिष्ट ते सारे सोबत घेऊन जाण्याचे साकडे घालत लोक त्यांना वाजतगाजत नेतात आणि गावाबाहेर त्यांचे दहन करतात. काळ्या मारबतीचा संबंध लोकपरंपरा भोसले घराण्यातील बाकाबाईंशी जोडते. इंग्रजांशी त्यांनी केलेल्या हातमिळवणीचा लोकांनी धरलेला राग त्यात व्यक्त होतो, असे मानले जाते. मारबतींसोबत बडगे असतात. बडगा म्हणजे पुरुषरूपातील विडंबनात्मक पुतळा, आणि तो दरवर्षी नवा असतो. महागाई, भ्रष्टाचार, खड्डे, साथीचा रोग अशा त्या त्या वर्षाच्या डोकेदुखीला त्यात चेहरा मिळतो.

कलेच्या दृष्टीने या परंपरेचे महत्त्व दुहेरी आहे. एक तर येथे कलाकृती स्थिर नसून चालती आहे. प्रेक्षकाने तिच्याकडे जाण्याऐवजी तीच इतवारीच्या अरुंद रस्त्यांतून प्रेक्षकाच्या दारावरून जाते. दुसरे असे की तिला कायमस्वरूपी जागा, परवानगीचा चौथरा, देखभालीचा निधी यांतले काहीच लागत नाही, कारण सायंकाळपर्यंत ती उरतच नाही. उरते ती घडवण्याची विद्या आणि पुढच्या वर्षी पुन्हा घडवण्याची जबाबदारी. या मिरवणुकीचे एक प्रमुख ठिकाण इतवारीतील नेहरू पुतळा हे आहे. म्हणजे एका टिकाऊ पुतळ्याच्या साक्षीने नश्वर पुतळ्यांचा सोहळा रंगतो. जुन्या शहरातील चितार ओळीत मूर्तिकारांची घरे पिढ्यान्‌पिढ्या गणपती आणि इतर मूर्ती घडवत आली आहेत. कोणाच्या हातची मूर्ती घ्यायची हे तेथे येणारी मंडळी वर्षानुवर्षे ठरवून येतात. दहा दिवसांनी विसर्जित होणाऱ्या मूर्तीच्या कारागिराचे नाव घरोघर माहीत असते आणि शंभर वर्षे टिकावा म्हणून धातूत ओतलेल्या पुतळ्याच्या कर्त्याचे नाव मात्र चौकात कोणालाच सांगता येत नाही.

पाहण्याची रीत

उघड्यावरचे शिल्प पाहण्यासाठी विशेष शिक्षण लागत नाही, पण थोडी पद्धत लागते. पुतळा समोरून पाहण्याची सवय असते. शिल्पकाराने मात्र तो सर्व बाजूंनी घडवलेला असतो, त्यामुळे सुरक्षित असेल तेथे त्याला एक फेरी घालावी. सकाळच्या तिरप्या उन्हात वस्त्राच्या चुण्या आणि चेहऱ्यावरील उंच-सखलपणा नीट दिसतो. भर दुपारी डोक्यावरच्या उन्हाने डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात आणि चेहरा सपाट होतो. पुतळ्याचे हात काय करत आहेत, नजर जमिनीकडे आहे की क्षितिजाकडे, पाऊल पुढे टाकलेले आहे की उभे आहे, यावरून त्या व्यक्तीकडे उभारणाऱ्यांनी कोणत्या दृष्टीने पाहिले ते कळते: हातात राज्यघटना, हातात तलवार की हातात काठी, हा निर्णय शिल्पकाराइतकाच समाजाचाही असतो. आणि शेवटी चौथरा वाचावा, कारण शहर स्वतःविषयी काय लक्षात ठेवू इच्छिते ते तेथे लिहिलेले असते.

चौथऱ्यावरील संगमरवरी पाटीत अनेकदा अनावरण करणाऱ्या पाहुण्यांचे, अध्यक्षांचे आणि उपस्थित मान्यवरांचे नाव पदासह असते. ज्याच्या हातून तो चेहरा घडला त्याचे नाव सहसा नसते. ही उणीव भरून काढण्यास मोठा निधी लागत नाही. महानगरपालिका, महाविद्यालये आणि नागरिकांच्या संस्था यांनी मिळून शहरातील प्रत्येक सार्वजनिक शिल्पाची नोंद करावी, आणि शिल्पकाराचे नाव, ओतशाळेचे नाव, साल आणि माध्यम या चार गोष्टी सांगणारी एक लहान पाटी प्रत्येक चौथऱ्यावर बसवावी. हे काम लवकर व्हायला हवे, कारण जुन्या पुतळ्यांच्या घडणीची माहिती समित्यांच्या जुन्या कागदपत्रांत आणि वृद्धांच्या आठवणीत आहे आणि ती फार काळ राहणार नाही. झिरो माईलच्या दगडाने जबलपूरचे अंतर एका मैलानेही न चुकता शंभरहून अधिक वर्षे सांगितले आहे. चौकातल्या पुतळ्याने आपल्या कर्त्याचे नाव तरी सांगावे, एवढी अपेक्षा वाजवी आहे.